काना, मात्रा, वेलांटी गाळून

हा शनिवार-रविवार घरी, नांदगाव खंडेश्वरला होतो. झोपा काढायचा बेत होता. झालं भलतंच.

आमच्या बाबांची शेताची एक वही आहे. सोयाबीन कधी पेरलं, तुरीवर काय फवारलं, गट नंबर, कोणत्या खात्यात कोणाची नावं, सगळं मथळे आणि त्याखाली उपमथळे घालून. मास्तर होते, सवय जात नाही. मागच्या दिवाळीत मी ती साध्या टेक्स्ट फाईलमध्ये उतरवली. मथळ्याला एक हॅश, उपमथळ्याला दोन, म्हणजे जॉन ग्रुबरने २००४ साली आणलेली मार्कडाऊन पद्धत. आता बाबाच फाईल लिहितात आणि 'पायथन-मार्कडाऊन' ही लायब्ररी तिचं वेब पेज बनवते, वर अनुक्रमणिकेसकट. भाऊबंद ते फोनवर उघडतात.

तर अकोल्याच्या काकांना पीककर्जाच्या कागदांसाठी खात्याचा तपशील हवा होता. 'खाते' या मथळ्याची लिंक बाबांनी त्यांना आधीच पाठवलेली. काकांनी उघडली तर समोर शेणखताच्या गाड्यांचा हिशेब! काकांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

कारण शोधायला बसलो. लायब्ररी प्रत्येक मथळ्यावरून त्याचा पत्ता तयार करते, तोच लिंकच्या शेवटी हॅशनंतर येतो. मूळ सेटिंगमध्ये ती इंग्रजी सोडून सगळी अक्षरं फेकून देते, मग मराठी मथळ्यांना उरतं काय, तर अंडरस्कोअर एक, अंडरस्कोअर दोन. रांगेतल्या टोकनासारखं. म्हणून मी हौसेने युनिकोडवाला पर्याय चालू केला होता. तो इंग्रजीबाहेरची अक्षरं ठेवतो. फक्त अक्षरंच ठेवतो! काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही त्याच्या लेखी अक्षरं नाहीतच. 'नांदगाव खंडेश्वर'चं होतं 'नदगव-खडशवर'. 'खाते'चं होतं 'खत'. आणि 'खत'चं अर्थातच 'खत'. दोन सारखे पत्ते चालत नाहीत, म्हणून पानावर जो मथळा आधी येतो तो 'खत' होतो आणि दुसऱ्याच्या मागे 'एक' चिकटतो. बाबांनी महिन्यापूर्वी खताचा भाग उचलून वर नेला, झालं, काकांची लिंक शेणात गेली.

ही काही आमच्या घरची भानगड नाही. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं चिन्ह' ओळखणारं जे बॅकस्लॅश-डब्ल्यू आहे, त्यात मात्रा बसत नाहीत. २००७ सालीच पायथनच्या बग-यादीत ही तक्रार आली होती, तीही देवनागरीचंच उदाहरण देऊन. युनिकोडची मार्गदर्शिका सांगते की अशी जोडचिन्हंही शब्दाचाच भाग धरा. गंमत बघा, २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये 'खाते' हे व्हेरिएबलचं नाव चालतं, मात्रांसकट. म्हणजे भाषेच्या एका खोलीत काना पाहुणा आणि दुसरीत कचरा.

यावर माझ्या मित्राचं ठरलेलं उत्तर, "मथळे इंग्रजीत लिही ना यार." हे उत्तर माझ्या डोक्यात जातं. का लिहायचे? पूर्वी एचटीएमएल ४ मध्ये असा पत्ता इंग्रजी अक्षरानेच सुरू करावा लागे, तेव्हा नाइलाज होता. एचटीएमएल ५ ने, म्हणजे २०१४ पासून, ती अट काढून टाकली, मोकळी जागा सोडून काहीही चालतं. त्याचं एक म्हणणं मात्र खरं आहे. देवनागरी लिंक कॉपी केली की कधी कधी एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात, टक्केचिन्हांची नुसती माळ. दिसतं भयाण. पण भयाण पत्ता बरोबर घरी पोचतो, 'खत' पोचत नाही.

आणि परदेशी लोकांना शिव्या देऊन मी सुटत नाही. चार वर्षांपूर्वी ऑफिसात मीच अशी ओळ लिहिली होती, ए ते झेड आणि शून्य ते नऊ सोडून सगळं उडवा. रिव्ह्यू करणारे दोघंही मराठी. तिघांपैकी एकालाही खटकलं नाही, कारण आम्ही तपासायला 'टेस्ट वन टू थ्री' लिहिलं, 'खाते' कोणी लिहिलंच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा स्टेटस मात्र तिघांनीही ठेवला.

बाबांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "काऊन रे, तुह्या मशीनले काना-मात्रा येत नाई का? पयलीच्या पोराले येते."

दुरुस्ती दहा ओळींची निघाली. पत्ता बनवणारं फंक्शन आपलं स्वतःचं देता येतं. मी युनिकोडचा वर्ग बघून अक्षर, जोडचिन्ह आणि अंक हे तिन्ही ठेवले, बाकी उडवलं. 'खाते' आता 'खाते' आहे. काकांना नवी लिंक पाठवली.

बाबांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. "म्या यादीत मराठी एक-दोन-तीन लिवले, इथं इंग्रजी काऊन दिसतेत?" लायब्ररीला आपले अंक बरोबर कळतात, पण याद्यांना नंबर घालतो ब्राउझर, आणि तो आपल्या मनाने इंग्रजी घालतो. स्टाईलशीटमध्ये देवनागरी अंकांची एक ओळ टाकली की झालं. रात्री जेवण झाल्यावर टाकली.