काचेमागचा माणूस

टीव्हीवरच्या डिबेटला शिव्या घालताना आपण सगळे अँकरचं नाव घेतो. तो ओरडतो, समोरच्याला बोलू देत नाही, प्रश्नातच उत्तर कोंबतो. खरं आहे. पण कुणाचा माइक उघडा ठेवायचा, मौलानांच्या दाढीवर कॅमेरा किती वेळ रोखायचा, बाजूच्या चौकटीत कोणती दृश्यं फिरवत ठेवायची, हे काही एकटा अँकर ठरवत नाही. ते काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत ठरतं. त्या खोलीला पीसीआर म्हणतात. तिथून शो चालवणाऱ्या डायरेक्टरबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. मला आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका खोलीत कामाला आहे. कुठल्या वाहिनीत, ते सांगत नाही. कामाची रीत त्यानंच मला समजावून दिली. फ्लोअरवर तीन-चार कॅमेरे. एक अँकरवर, एक पाहुण्यांवर, एक सगळा सेट दाखवणारा. पीसीआरच्या भिंतीवर प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र वेगवेगळ्या मॉनिटरवर सतत चालू. पुढं दाखवायचं चित्र आधी 'प्रिव्ह्यू'ला घेतात, मग 'प्रोग्राम'ला. प्रोग्रामला जे असतं तेच आपल्या घरात येतं. डायरेक्टर टॉकबॅकवर म्हणतो, 'टू रेडी, टेक टू.' स्विचरवरचा माणूस बटण दाबतो आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो. अँकरच्या कानातही याच खोलीतला आवाज. साउंडवाल्याचा हात फेडरवर, ग्राफिक्सवाला खालची पट्टी तयार ठेवून बसलेला.

म्हणजे पडद्यावर येणारं प्रत्येक दृश्य आधी कुणीतरी पाहिलेलं असतं. म्हणूनच 'लाइव्ह आहे हो, सगळं क्षणात घडतं' हा बचाव मला पटत नाही. पाहुणा काय बोलेल ते माहीत नसतं, कबूल. पण 'जिहाद' शब्द असलेली पट्टी काय पाहुण्यानं टाइप केली? चौकटीत गरगर फिरणारी क्लिप काय हवेतून आली? ती कुणीतरी शोधली, कापली, लूपवर लावली. हे सगळं शो सुरू होण्याआधी, चहा पीत, शांतपणे होतं.

१४ एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा सकाळी झाली आणि दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी जमली. स्टेशनला लागून जामा मशीद आहे. ती तिथं पूर्वीपासूनच आहे. त्या संध्याकाळी काही वाहिन्यांवर मशीद फ्रेममध्ये असलेलं तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरत राहिलं, आणि वरून प्रश्न, 'मशिदीसमोरच का जमले?' रस्त्यावरच्या कॅमेरामनला मी दोष देत नाही. त्याला जिथं पाय ठेवायला जागा मिळाली तिथून त्यानं चित्रं पाठवली असतील. पण स्टुडिओत बसून तेच दृश्य दहाव्यांदा लावणं हा निर्णय आहे, अपघात नाही.

त्या दिवसांत आमच्या वर्तकनगरात रात्री नऊ वाजता म्हाडाच्या इमारतींच्या खिडक्याखिडक्यांतून एकच आवाज यायचा. केळीवाल्याला आधी नाव विचारलं जाऊ लागलं. शेजारच्या काकू, ज्या शीरखुर्म्याचा डबा कधी रिकामा परत करत नाहीत, आत मूठभर साखर तरी घालतात, त्या दारातूनच मला म्हणाल्या, "ताई, तुमच्यातले ते लोक असे लपून का बसतात हो?" काकू वाईट नाहीत. तबलीग हा शब्द त्या महिन्यापूर्वी त्यांनी ऐकलाही नव्हता.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलीगशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, असं न्यायालयानं म्हटलं. काकूंना या निकालाबद्दल मी सांगितलं तेव्हा कळलं. तोवर चार महिने उलटून गेले होते.

टीआरपीचं कारण हमखास पुढं केलं जातं. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळा उघड झाल्यावर बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद केले. ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये. जवळपास दीड वर्ष कुठल्याही वृत्तवाहिनीचा साप्ताहिक आकडा बाहेर येत नव्हता. त्या दीड वर्षात डिबेट शांत झाल्याचं तुम्हाला आठवतं का? मला नाही आठवत. मग नुसतं आकड्यांवर खापर कसं फोडायचं?

२०२२ मध्ये मीही एका वाहिनीच्या स्टुडिओत जाऊन आले. फोनवर विषय सांगितला होता उर्दू शाळांची घटती पटसंख्या. खुर्चीत बसवून कॉलर माइक लावल्यावर कळलं, चर्चा हिजाबवर आहे. उर्दू माध्यमातल्या मुलीला चांगली मराठी आली तर तिच्यासाठी किती दारं उघडतात, हे मी सांगत होते. दोन वाक्यं पुरी झाली असतील. घरी येऊन रेकॉर्डिंग पाहिलं तर माझा आवाज चालू आणि पडद्यावर उडुपीच्या कॉलेजचं फाटक. आणि शेजारचे गृहस्थ 'यांच्या स्त्रिया' असं म्हणत होते, नेमका तेव्हा माझ्या ओढणीचा क्लोजअप. मी तेव्हा गप्प होते, खाली बघत होते. त्या कटमुळे मी निरुत्तर झाल्यासारखी दिसले. एक शब्द न बदलता माणसाला खोटं पाडता येतं, हे मला बीएडला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्यातलेही काही ठरावीक चेहरे आहेत. ना कुठल्या जमातीनं निवडलेले, ना धड आलिम. बोलावलं की टोपी सारखी करत जातात आणि हातवारे करत किंचाळून येतात. डायरेक्टरला हवा तो शॉट ते आयता देतात. त्यांना 'मुस्लिमांची बाजू' म्हणून बसवलं जातं आणि कौम घरी बसून कपाळ बडवते. त्यांना आपण मोहल्ल्यातच विचारायला हवं, तुम्हाला कुणी पाठवलं?

विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, मी फक्त बटण दाबतो. ठरवतं डेस्क." डेस्क म्हणतं संपादक, संपादक म्हणतो मालक, मालक म्हणतो प्रेक्षक. चांगली साखळी आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ते सरकारी होतं, आणीबाणीत सरकारचीच टिमकी वाजवत होतं, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तिथल्या निर्मात्यांची नावं घराघरात माहीत होती. विनायक चासकर, सुहासिनी मुळगावकर, याकूब सईद. बबन प्रभूंच्या जोडीनं 'हास परिहास' करणारे याकूब सईद मराठी माणसाला हसवत होते, आणि हसताना कुणाला त्यांचं नाव खटकल्याचं माझ्या वडिलांच्या पिढीला आठवत नाही. कार्यक्रम आवडला किंवा नाही आवडला, तर तो कुणाचा हे लोकांना ठाऊक असे.

माझी मागणी तेवढीच आहे. प्रत्येक डिबेटच्या शेवटी अँकरसोबत डायरेक्टरचंही नाव पडद्यावर द्या. बोलणाऱ्याचं वाक्य चालू असताना त्याचाच चेहरा दाखवा. क्लिप जुनी असेल तर तारीख टाका, आणि ती पूर्ण वेळ राहू द्या. यात एक रुपयाचा खर्च नाही.

२०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनीनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो. मागच्या आठवड्यात मी एका शोबद्दल तशी तक्रार लिहून पाठवली. कार्यक्रमाचं नाव लिहिलं, तारीख आणि वेळ लिहिली, अँकरचं नाव लिहिलं. त्याखाली 'दिग्दर्शक' असं लिहून पुढची जागा कोरी ठेवली, आणि ते नाव वाहिनीनंच भरून कळवावं अशी विनंती केली आहे.