खोड काढतो तोच खरा शौकीन? सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि आवडत्या व्हिडिओ गेममधल्या चुका

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. कान आतल्या बाजूला वळलेले मारवाडी घोडे, काठियावाडी घोडे रांगेनं उभे असतात. अलीकडच्या काळात याच यात्रेला जोडून 'चेतक फेस्टिव्हल'ही होऊ लागला आहे.

या बाजारात एक गोष्ट हमखास दिसते. मुरलेला शौकीन घोड्याजवळ गेला की कौतुक नंतर करतो, आधी खोडी शोधतो. तोंड उघडून दात बघतो, कारण दातांवरून वय कळतं. पायावरून हात फिरवतो. अंगावरचे भोवरे बघतो. मग म्हणतो, "जरा चाल दाखवा." घोडा बुजतो का, अडतो का, चावतो का, लाथ मारतो का, हे सगळं विचारतो. एवढ्या खोडी काढल्या म्हणून त्याला कुणी "तुम्हाला घोडे आवडत नाहीत का?" असं विचारत नाही.

आता मोबाईल उघडा. एखाद्यानं त्याच्या लाडक्या गेमबद्दल लिहिलं की गोष्ट मस्त आहे, पण शेवटचा भाग उरकून टाकलाय. खाली पहिलीच कमेंट येते, "आवडत नसेल तर खेळू नको." दुसरी, "आधी स्वतः गेम बनवून दाखव."

घोडेबाजारात जे शहाणपण समजलं जातं, तेच गेमच्या बाबतीत गद्दारी कसं ठरतं? आणि खोड काढायचीच, तर नेमकी कोणती काढायची?

खोडी तीन प्रकारच्या

गेममधली प्रत्येक चूक सारखी नसते. ढोबळमानानं तीन प्रकार पडतात. पहिली, चुकून राहिलेली. दुसरी, बनवणाऱ्यानं विचार करून घेतलेला, पण फसलेला निर्णय. आणि तिसरी, मुद्दाम ठेवलेली. गंमत म्हणजे या तिन्ही प्रकारांची उदाहरणं गेममधल्या घोड्यांच्या आसपासच सापडतात.

पहिली खोड : छपरावर चढलेला घोडा

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा 'द विचर ३' हा गेम मे २०१५ मध्ये आला. जगभरातल्या लाखो लोकांचा तो आजही सर्वांत आवडता गेम आहे. त्यात नायकाची घोडी आहे, रोच. शिटी मारली की ती हजर होते. पण कुठे हजर होईल याचा भरवसा नाही. कधी घराच्या छपरावर, कधी कुंपणात अडकलेली. त्याआधी २०११ मध्ये आलेल्या 'स्कायरिम'मधले घोडे जवळजवळ उभ्या कड्यावर चढून जायचे.

याला बग म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नकळत राहिलेली चूक. या चुकांवर खेळाडू चिडण्यापेक्षा हसलेच जास्त. रोचचे फोटो वर्षानुवर्षं फिरत राहिले आणि पुढे कंपनीनंही त्या विनोदात भाग घेतला.

पण सगळे बग असे हसण्यावारी जात नाहीत. 'जीटीए ऑनलाइन' हा गेम २०१३ पासून चालू आहे. काही कॉम्प्युटरवर तो सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागायची. लोकांनी ते नशीब म्हणून स्वीकारलं होतं. २०२१ च्या सुरुवातीला एका खेळाडूनं, जो प्रोग्रामरही होता, याच्या मुळाशी जायचं ठरवलं. त्याला दिसलं की गेम सुरू होताना सुमारे ६३ हजार वस्तूंची एक यादी वाचतो, आणि ती अतिशय वेडगळ पद्धतीनं वाचतो. त्यानं स्वतःपुरती दुरुस्ती केली, तर सुरू होण्याचा वेळ जवळपास ७० टक्क्यांनी कमी झाला. त्यानं हे जाहीर केलं. रॉकस्टार कंपनीनं चूक मान्य केली, गेममध्ये दुरुस्ती केली आणि त्याला १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं.

ज्याला तो गेम आवडत नव्हता, त्यानं तो कधीच काढून टाकला असता. सहा मिनिटं वाट बघावी लागत असूनही जो परत आला, त्यालाच ती चूक शोधावीशी वाटली.

दुसरी खोड : घोडा उत्तम, वाट एकच

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा रॉकस्टारचाच गेम ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. गेममधला घोडा कसा असावा याचं हे बहुतेक सर्वांत चांगलं उदाहरण. त्याला खाऊ घालावं लागतं, खरारा करावा लागतो. जितका वेळ द्याल तितका तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. साप दिसला की बुजतो. सारंगखेड्यातल्या एखाद्या जाणकारालाही त्यात नाव ठेवायला फार जागा सापडणार नाही.

तरीही या गेमवर सर्वांत नेमकी टीका त्याच्या चाहत्यांनीच केली. अख्खं जग मोकळं सोडलंय, कुठेही फिरा म्हणता. पण कथेतली कामगिरी सुरू झाली की सांगितलेल्या वाटेनंच जायचं. जरा बाजूला गेलं, स्वतःची युक्ती लढवली, की 'कामगिरी अपयशी'. म्हणजे घोडा उमदा, मैदान मोठं, पण लगाम दुसऱ्याच्याच हातात.

हा बग नाही. बनवणाऱ्यांना गोष्ट सिनेमासारखी सांगायची होती, म्हणून त्यांनी हा रस्ता निवडला. यावर दोन मतं असू शकतात. पण गेममध्ये शंभर तास घातलेला माणूसच ही विसंगती बोट ठेवून दाखवू शकतो. पाच मिनिटं खेळून "बोअर आहे" म्हणणं सोपं असतं. कुठे आणि का कंटाळा आला हे सांगायला मुक्काम करावा लागतो.

तिसरी खोड : घोड्याचा साज आणि बंद पेटी

एप्रिल २००६. बेथेस्डा कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत वेगळ्या पैशांना विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर, म्हणजे तेव्हाचे शंभर-सव्वाशे रुपये. आधीच विकत घेतलेल्या गेममध्ये साजासाठी पुन्हा पैसे? खेळाडू भडकले. पण अनेकांनी ते विकत घेतलंही. गेममध्ये छोट्या छोट्या वस्तू विकण्याच्या धंद्याचा इतिहास सांगताना आजही या घोड्याच्या चिलखताचं नाव निघतं. एप्रिल २०२५ मध्ये याच गेमची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्या महागड्या संचात घोड्याचं चिलखत पुन्हा होतंच.

घोड्याचा साज विकणं सारंगखेड्याला नवं नाही. पण तिथे साज हातात घेऊन बघता येतो आणि भाव करता येतो. गेमच्या धंद्यात पुढे आली ती बंद पेटी. तिला लूट बॉक्स म्हणतात. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशीब.

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' येणार होता. चाहत्यांनी हिशेब मांडला की डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला सुमारे ४० तास खेळावं लागेल, आणि दुसरीकडे प्रगतीचा मोठा भाग पैसे देऊन घेता येणाऱ्या पेट्यांवर अवलंबून आहे. ईए कंपनीनं रेडिट या साइटवर सारवासारव केली, तर त्या उत्तराला सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती दिली. गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी कंपनीला पैसे घेणं थांबवावं लागलं. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं अशा काही पेट्या तिथल्या कायद्यानुसार जुगार ठरवल्या.

हा हिशेब कुठल्या सरकारी खात्यानं आधी मांडला नव्हता. तो मांडला 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांनी.

'फुकट तर आहे' या युक्तिवादात अडचण काय?

आपल्याकडे बहुतेक मुलं महागडे गेम विकत घेत नाहीत. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्ससारखे गेम मोबाईलवर फुकट मिळतात. त्यामुळे तक्रार केली की उत्तर तयार असतं, "फुकट आहे ना, मग कशाला बोलतो?" आपली जुनी म्हणही तेच सांगते, धर्माची गाय आणि दात का गं नाय.

पण फुकटचा गेम ही धर्माची गाय नाही. तो बनवायला आणि चालवायला कोट्यवधी रुपये लागतात आणि ते वसूल करायची जागा गेमच्या आतच असते. रोज हजेरी लावली तर बक्षीस. एक दिवस चुकला तर नुकसान. "ही स्किन फक्त तीन दिवस" अशी घाई. रुपये थेट न दाखवता आधी 'यूसी' किंवा 'डायमंड' घ्यायला लावणं, म्हणजे किती खर्च झाला हे पटकन लक्षात येत नाही. हे चुकून राहिलेलं नसतं. विचार करून बसवलेलं असतं.

आपल्या मातीतल्या गेमला नावं ठेवायची का?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या खेळाडूंसमोर खरोखर आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' आणला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा प्रयत्न फसला होता, तरी टीमनं गेम पुरा केला. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

चित्रकलेचं कौतुक झालं. पण लढाईत सफाई नाही, गेम लवकर संपतो, शेवट एकदम तुटल्यासारखा वाटतो, असं गेम आवडलेल्यांनीच सांगितलं. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईवर काम केलं होतं आणि पात्रं हिंदीत बोलत होती.

याच काळातलं उलट उदाहरण 'फौजी'चं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि लगेच देशी पर्याय म्हणून त्याची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा देशप्रेमापोटी आधी भरभरून स्टार मिळाले. मग प्रत्यक्ष खेळल्यावर रेटिंग झपाट्यानं घसरलं. न खेळता दिलेल्या शाबासकीनं ना गेमचं भलं झालं, ना खेळणाऱ्यांचं.

खोड काढणं आणि दगड मारणं

याची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा तो जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. तिथे खेळाडूंचा राग योग्य होता. कंपनीनं पुढची जवळपास तीन वर्षं दुरुस्त्या केल्या आणि आज त्याच गेमचं नाव आदरानं घेतलं जातं. पण त्याआधी, गेमची तारीख पुढे गेली एवढ्यावरून, तिथे काम करणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या होत्या.

घोड्याचा पाय लंगडा आहे हे सांगणं वेगळं, आणि घोडेवाल्याच्या अंगावर धावून जाणं वेगळं. चूक कुठे आहे, कधी दिसते आणि ती सुधारली तर काय बदलेल, एवढं सांगता आलं तर ती टीका. नाहीतर नुसता गोंगाट.

मग यात पणाला काय लागलंय?

भारतात गेमवरची चर्चा दोनच टोकांना होते. एक टोक म्हणतं, बंदी घाला. दुसरं म्हणतं, माझ्या गेमला हात लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. पण या कायद्याचा मुख्य रोख पैशांच्या खेळावर आहे. रोजच्या हजेरीचं आमिष, तीन दिवसांची घाई ही बाकी गेममधली कारागिरी ओळखायचं काम शेवटी खेळणाऱ्यावर आणि त्याच्या घरच्यांवर येतं.

घरच्यांना गेम माहीत नसतो. मुलाला माहीत असतो, पण तो बोलला तर गेमच बंद होईल ही भीती असते. "ही पेटी लबाडी आहे" असं त्यानं सांगितलं आणि उत्तर आलं "मग मोबाईलच ठेव खाली", तर पुढच्या वेळी तो गप्प बसतो. पैसे गेल्याचं मग थेट बँकेच्या मेसेजवरूनच कळतं. त्यापेक्षा आईवडिलांनी एक प्रश्न विचारून बघावा, "तुझ्या या गेममध्ये तुला काय पटत नाही?" ज्यानं तो गेम सर्वांत जास्त खेळलाय, त्याच्याकडे उत्तरांची यादी तयार असते.

सारंगखेड्यात खोडी कळल्यावर बहुतेक वेळा सौदा मोडत नाही. घोडा थोडा बुजरा आहे, चालेल, सवयीनं सुधारेल. रंग मनासारखा नाही, तेही चालेल. पण स्वाराला पाडणारा घोडा असेल, तर कितीही देखणा असला तरी जाणकार माणूस दावणीवरून पुढे जातो. आवडत्या गेमलाही हीच पारख लावता येते. छपरावर चढलेल्या रोचवर हसायचं, फसलेल्या शेवटावर वाद घालायचा, आणि खिशातून पैसे काढण्यासाठीच बसवलेली बंद पेटी दिसली की ती न उघडता पुढे जायचं.