पडद्याची दिरंगाई

आमच्या नाशिकच्या घरीं पिनबॉलचें जें पेटीवजा यंत्र आहे, त्यांत खरी गोळी नाहीं. आडव्या पडद्यावर तिचें चित्र धांवतें. गोळी परतविणारे फ्लिपर खऱ्या यंत्रांस १९४७ सालीं लाभले, आणि तेव्हांपासून नेमका क्षण साधणें हेंच ह्या खेळाचें मर्म ठरलें. गेल्या दिवाळींत आम्हीं हौसेनें मोठा टीव्ही त्यांत बसविला. तेव्हांपासून तीर्थरूप हरूं लागले. "आतां आजोबांचें वय झालें," असें मुलें म्हणत. तेही मुकाट्यानें उठून जात. आम्हीही तसेंच समजलों, हें कबूल केलें पाहिजे.

शेवटीं मोबाईलवर सेकंदास २४० चित्रें टिपून पाहिलीं. बटण दाबल्यापासून फ्लिपर हालेपर्यंत २४ चित्रें, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग! चित्र सजविण्यांत टीव्ही वेळ दवडीत होता. 'गेम मोड' लावतांच त्या २४ चीं १० झालीं. वाचकहो, नवा १२० हर्ट्झचा पडदा घेण्यापूर्वीं ही फुकटची कळ अवश्य फिरवून पाहावी. शिवाय तितकीं चित्रें पुरविण्याची ताकद संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांत नसेल, तर तो खर्च व्यर्थच.

सध्यां मुलांची पाळी रात्रीं नऊनंतर येते.