विमा गाडीचा की चालकाचा?

नवी मोटार घरी आणण्याचा सोहळा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि या गडबडीत विक्रेत्याच्या टेबलावर पाच-सहा कागदांवर सह्या होतात. त्यांतील एक कागद विम्याचा असतो. तो कोणत्या कंपनीचा आहे, त्यात कशाची भरपाई मिळेल आणि कशाची नाही, याची चौकशी करण्यास, गाडीचा रंग ठरवण्यात आठ दिवस घालवणारा ग्राहक आठ मिनिटेही देत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली म्हणजे तो मोबाईलवर चार कंपन्यांचे आकडे पाहतो आणि सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवतो. विमा ही संकटाची तरतूद. पण तिची निवड मात्र संकटाचा विचार न करता केली जाते, ही यातील खरी विसंगती होय.

ही उदासीनता काही अंशी समजण्यासारखी आहे, कारण निवडीचा अधिकारच आपल्याला उशिरा मिळाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा केला आणि ती तरतूद १९४६ मध्ये अमलात आली. पुढे १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून शंभराहून अधिक विमा संस्थांच्या जागी चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या नावांनी त्या आज ओळखल्या जातात. दर ठरलेले आणि पॉलिसीची कलमेही ठरलेली. त्यामुळे कोणतीही कंपनी घेतली तरी फरक शाखेतील वागणुकीपुरताच उरत असे. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांना दार उघडले आणि १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. निवडीचे स्वातंत्र्य आले. निवड कशी करावी याचे शिक्षण मात्र आले नाही.

एका कागदात दोन विमे

सामान्य मोटारमालकाच्या हाती जी पॉलिसी पडते, तिच्यात वस्तुतः दोन विमे एकत्र बांधलेले असतात. पहिला त्रयस्थाचा, ज्याला सर्वजण थर्ड पार्टी म्हणतात. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती भरपाई यातून होते. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर बाजारात नव्हे, शासकीय पातळीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीसाठी १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनाला ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता ठरवण्यात आला. या भागात कोणतीही कंपनी स्वस्त नाही आणि कोणतीही महाग नाही.

दुसरा विमा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. कंपन्यांची सारी स्पर्धा, सवलती आणि जाहिराती याच भागाभोवती फिरतात. निवड करावयाची ती येथेच. परंतु या भागाचा हप्ता कशावरून ठरतो हे पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. गाडीची किंमत, तिचे वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचे शहर यांवर तो मुख्यतः अवलंबून असतो. जुन्या दरपत्रकाने मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे एका विभागात आणि उरलेला देश दुसऱ्या विभागात टाकला होता. ती विभागणी अजूनही पुष्कळशी टिकून आहे. या साऱ्या हिशेबात चालक कोठे आहे? तीस वर्षे एकही ओरखडा न पाडणारा निवृत्त शिक्षक आणि परवाना हाती पडून महिना न झालेला तरुण, दोघांनी एकच गाडी एकाच शहरात घेतली, तर पहिल्या वर्षी त्यांचा हप्ता जवळपास सारखाच येतो. ब्रिटनमध्ये चालकाचे वय, त्याचा अनुभव, पूर्वीचे अपघात, नियमभंग आणि राहण्याचे ठिकाण हे सारे मोजले जाते. आपण मात्र बव्हंशी लोखंडाचा विमा उतरवतो, माणसाचा नव्हे.

याला एक सन्माननीय अपवाद आहे आणि तो म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत. पहिल्या निर्दोष वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वाढत जाते. ती गाडीला नव्हे, मालकाला मिळते. गाडी विकली तरी ती नव्या गाडीवर नेता येते आणि कंपनी बदलली तरी ती सोबत येते. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस लोटले की ती बुडते. एका दाव्यानेही ती सामान्यतः शून्यावर येते. म्हणून तीन-चार हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करणे हा पुष्कळदा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. सवलत जपणे हाच सावध चालकाचा पहिला विमा होय.

आधी स्वतःची ओळख

कंपनी हप्ता ठरवताना आपल्याला ओळखत नसेल, तर पॉलिसी निवडताना आपण तरी स्वतःला ओळखले पाहिजे. उत्तम कंपनी कोणती, हा प्रश्न अर्धवट आहे. माझ्या वाहन चालवण्याला कोणती पॉलिसी योग्य आणि ती प्रामाणिकपणे पाळणारी कंपनी कोणती, असा तो पूर्ण प्रश्न आहे.

ज्याची गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते, त्याने रोज साठ किलोमीटर धावणाऱ्याइतका हप्ता का भरावा? विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये गाडी किती धावते आणि कशी चालवली जाते यांवर आधारित संरक्षणास परवानगी दिली. कमी फिरणाऱ्याने अशी योजना देणारी कंपनी पाहावी. मात्र किलोमीटरची मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे कलम आधी वाचावे. दाव्यातील पहिली काही रक्कम स्वतः सोसण्याची तयारी दाखवल्यास हप्ता आणखी उतरतो. ज्याच्या हाती थोडी शिल्लक आहे आणि जो क्वचितच धडकतो, त्याला हे सोयीचे. महिनाअखेरीस ओढाताण होणाऱ्याला नव्हे.

ठाणे-मुंबई किंवा हडपसर-हिंजवडी अशा गर्दीत रोज अडकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या गाडीला मोठा अपघात क्वचित होतो, पण बंपर आणि आरसे सतत धोक्यात असतात. साध्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपरची निम्मी किंमत मालकाच्याच खिशातून जाते. नव्या गाडीसाठी घसारा न कापण्याची जोड, जिला झीरो डेप म्हणतात, अशा चालकाला उपयोगी पडते.

पाण्याच्या वाटेवर राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले. पुराने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत येते. परंतु बुडालेली गाडी मालकाने चालू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर ते पुराचे नव्हे, नंतरच्या कृतीचे नुकसान समजून कंपनी हात वर करते. इंजिनाच्या संरक्षणाची वेगळी जोड याचसाठी असते. अशा गावात ती चैन नसून गरज आहे. जोड असो वा नसो, पाण्यात उभी असलेली गाडी चालू करू नये, हा नियम मात्र सर्वांनाच लागू आहे.

घाटांतून, महामार्गांवरून कुटुंबासह दूरचा प्रवास करणाऱ्याने केवळ कायद्यापुरती पॉलिसी घेऊन समाधान मानू नये. अशा पॉलिसीत खासगी गाडीतील सहप्रवासी येत नाहीत, सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र येतात, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केला आहे. उलट बारा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीची किंमत फारशी उरलेली नसेल, तर त्रयस्थाचा विमा आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा एवढ्यावर भागवणे शहाणपणाचे ठरू शकते. आणि जो खासगी गाडी भाड्याने देतो, किंवा सीएनजीची टाकी बसवून तिची नोंद ना नोंदणी पुस्तकात करतो ना विम्यात, त्याने कोणतीही कंपनी निवडली तरी दाव्याच्या वेळी वाद अटळ आहे.

कंपनीची परीक्षा

स्वतःची गरज ठरल्यावर कंपनीकडे वळावे. पहिली परीक्षा विमित किमतीची. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळावयाची कमाल रक्कम म्हणजे ही किंमत. काही वेळा स्वस्त हप्त्याचे रहस्य येथेच दडलेले असते. सहा लाखांची गाडी पाच लाखांची दाखवली की हप्ता फार तर दोन-तीन हजारांनी उतरतो; पण गाडी गेली त्या दिवशी एक लाखाची तूट येते. दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना विमित किंमत सारखी ठेवूनच केली पाहिजे.

दुसरी परीक्षा गॅरेजची. कंपनीच्या यादीत देशभर हजारो गॅरेजे असतील. आपल्या तालुक्यात आणि आपल्या नेहमीच्या वाटेवर त्यांतील किती आहेत? रोख न भरता दुरुस्ती होण्याचे आश्वासन पुण्यात खरे आणि गडहिंग्लजला कागदावरचे असू शकते.

तिसरी परीक्षा दाव्यांची, आणि येथे आकडे सावधपणे वाचावे लागतात. प्रत्येक १०० रुपये हप्त्यामागे कंपनीने दाव्यांपोटी किती खर्च केला, याचे प्रमाण दरवर्षी प्रसिद्ध होते. ते फार कमी असेल तर कंपनी हात आखडता घेते की काय अशी शंका येते. फार जास्त असेल तर तिच्या आर्थिक प्रकृतीची चिंता वाटते. तीन सरकारी विमा कंपन्यांत २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत शासनाला १७,४५० कोटी रुपयांचे भांडवल घालावे लागले, हे विसरून चालणार नाही. तथापि हे प्रमाण न्यायाधिकरणांनी त्रयस्थांना दिलेल्या मोठ्या भरपायांनीही हलते. तुमचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला की दहाव्या, हे त्यातून कळत नाही. ते शेजाऱ्याकडून आणि गॅरेजवाल्याकडूनच अधिक खरे कळते.

न्याय कोणता?

यावर कोणी म्हणेल, की मग प्रत्येक चालकाला त्याच्या वागण्याप्रमाणेच हप्ता लावावा; म्हणजे प्रश्नच मिटेल. ही कल्पना आकर्षक आहे आणि काही अंशी न्याय्यही. वाहतुकीच्या नियमभंगाची हप्त्याशी सांगड घालण्याची शिफारस नियामकाच्या एका अभ्यासगटाने २०२१ मध्ये केली होती. सिग्नल तोडणाऱ्याचा भार सावध चालकाने का वाहावा? परंतु येथे एक भेद कसोशीने पाळला पाहिजे. वेगाने गाडी हाकणे हा दोष आहे. रात्री गाडी चालवणे हा दोष नाही. रात्रपाळीची परिचारिका किंवा पहाटे वृत्तपत्रांचे गठ्ठे पोहोचवणारा माणूस हौसेने अंधारात निघत नाही. गाडीतील यंत्र जर वेळ, रस्ता आणि वस्ती यांवरून माणसाची किंमत ठरवू लागले, तर विम्याचा मूळ अर्थच हरवेल. अनेकांनी थोडेथोडे देऊन एकावरील आपत्ती वाटून घ्यावी, हा तो अर्थ होय. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये निर्णय दिला आणि डिसेंबर २०१२ पासून तेथे हप्ता ठरवताना स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी झाली, ती याच विचारातून. माणसाला त्याच्या कृतीबद्दल जादा हप्ता लावावा, परिस्थितीबद्दल नव्हे.

हे साधावयाचे तर ग्राहकाला डोळस करणे अगत्याचे आहे. कंपनीनिहाय मोटारीचे दावे किती दिवसांत निकाली निघाले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, हे स्वतःच्या नुकसानीपुरते वेगळे काढून सोप्या तक्त्यात प्रसिद्ध झाले पाहिजे. पॉलिसीतील अपवादांची कलमे मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत, हप्ता भरण्यापूर्वी हाती पडली पाहिजेत. विक्रेता सुचवील तीच कंपनी घेण्याचे बंधन ग्राहकावर नाही, ही गोष्ट प्रत्येक शोरूममध्ये ठळकपणे लावली पाहिजे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क पडत नाही आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्याला मिळालेला आहे.

शेवटी, या साऱ्या हिशेबात ज्याचे मत कोणी विचारत नाही, त्याची आठवण ठेवली पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील कितीतरी जणांना धडकलेल्या गाडीचा विमा आहे की नाही, यावर मागे राहिलेल्यांचे भवितव्य अवलंबून होते. पायी चालणाऱ्याने ना कंपनी निवडलेली असते, ना पॉलिसी वाचलेली असते. आपण निवड करतो ती आपल्या बंपरसाठी. पण तिच्यावर विसंबून असतो एक अनोळखी माणूस. म्हणून सवलतीच्या शोधात पॉलिसीची मुदत एक दिवसही उलटू न देणे आणि अपघाताची वेळच येणार नाही अशा बेताने गाडी हाकणे, हे कंपनीच्या निवडीपूर्वीचे कर्तव्य आहे. ते ज्याने पाळले, त्याला कंपनी निवडण्याचे काम फारसे अवघड जाणार नाही.