घुबडाला दगड का मारू नये?

आमच्या गावात घुबड दिसले की मोठी माणसेसुद्धा थू थू करतात. घुबड बसले की घर ओसाड पडते, म्हणतात. मला हे पटत नाही. घर आधी ओसाड पडते, मग तिथे घुबड राहायला येते.

देवळामागच्या पडक्या वाड्यात जे जोडपे आहे, ते गव्हाणी घुबड. त्याचा चेहरा पांढरा, पत्त्यातल्या बदामासारखा. डोळे काळेभोर. पाठ सोनेरी-करडी, पोट पांढरे. आपल्या फूटपट्टीपेक्षा ते थोडेसेच लांब असते. जुने वाडे, देवळे, झाडांच्या ढोली ही त्याची घरे. दिवसा ते झोपते व अंधार पडला की शिकारीला निघते. त्याची पिसे इतकी मऊ असतात की उडताना आवाज येत नाही. त्याचा एक कान वर तर दुसरा थोडा खाली असतो. त्यामुळे काळोखात नुसत्या खुडबुडीवरून त्याला उंदीर सापडतो.

घुबड उंदीर अख्खा गिळते आणि हाडे व केस यांची गोळी करून ओकून टाकते. वाड्यात अशा गोळ्या पडलेल्या असतात. आम्ही तीन गोळ्या पाण्यात भिजवून काडीने फोडल्या. आत उंदरांच्या कवट्या अन् दात निघाले. ज्वारीचा एक दाणासुद्धा नव्हता. आता सांगा, कणगीतला चोर कोण आणि राखणदार कोण?

मलेशियात ताडतेलाच्या मळ्यांत उंदीर कमी व्हावेत म्हणून गव्हाणी घुबडांसाठी मुद्दाम लाकडी खोकी लावतात. आपल्याकडे ते फुकट येते, तर आपण हाकलतो!

आजी म्हणते, घुबडाला मारलेला दगड ते नदीत झिजवते, तसा मारणारा माणूस झिजतो. ही गोष्ट खोटी आहे. रात्रभर उंदरांमागे फिरणाऱ्याला दगड झिजवायला सवड कुठली? पण दगड मारू नये हे मात्र खरे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही घुबड मारायला बंदी आहे.

वाडा लवकरच पाडणार आहेत असे ऐकले. कोनाड्यात सध्या पिल्ले आहेत. ती साधारण दोन महिन्यांची झाली की उडू लागतात. पालकांना माझी विनंती आहे, तेवढे दिवस थांबा. वाडा कुठे पळून जात नाही, पण पिल्लांना अजून उडता येत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी