पाहिले खरे, पण विचारले का?

परदेशी सेवायात्रा करून आलेल्या तरुणांची मनोगते मी या वर्षी पुष्कळ वाचली. त्यांतील बहुतेक अमेरिकेतील चर्चमधल्या मुलामुलींची होती आणि यात्रेचे ठिकाण बहुधा हैती हे होते. कॅरिबियन समुद्रातील हा देश उत्तर व दक्षिण अमेरिकेत मिळून सर्वांत गरीब. आठ-दहा दिवस तेथे राहायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या, औषधे वाटायची, मुलांबरोबर प्रार्थना म्हणायची आणि परतायचे, असा क्रम. २०१० च्या भूकंपानंतर अशा तुकड्यांची रीघ लागली होती. पुढे टोळ्यांच्या हिंसाचारामुळे ती आटली. मनोगतांतला सूर मात्र एकच : पत्र्याची खोपटी आणि अनवाणी मुले पाहून रडू कोसळले, एवढ्या थोडक्यातही ती माणसे आनंदी होती, परमेश्वराने आपल्याला किती दिले आहे ते कळले.

हे अश्रू खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याची भूक पाहून जिला घास गिळवत नाही ती मुलगी, कोरड्या डोळ्यांच्या शहाण्यापेक्षा मला जवळची वाटते. माझी तक्रार वेगळी आहे. विचार जेथे सुरू व्हायचा, तेथेच तो या मनोगतांत संपतो. 'आम्ही भाग्यवान' म्हटले की दुसऱ्याचे दारिद्र्यही भाग्याचाच भाग ठरते. आणि 'ते आनंदी आहेत' असे ठरवले की त्यांचे आपल्याकडे काही मागणेच उरत नाही. पण दारिद्र्य काही आभाळातून पडत नाही.

हैतीतील गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडे १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कशाची? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची. आणि त्या मालमत्तेत ही माणसेच धरलेली होती! १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा फेरा १९४७ पर्यंत सुटला नाही. शाळा, रस्ते, दवाखाने यांना लागणारा पैसा असा सुमारे सव्वाशे वर्षे देशाबाहेर जात राहिला.

हा झाला जुना इतिहास. पण १९९५ मध्ये हैतीने परदेशी तांदळावरील आयातकर ३ टक्क्यांवर आणला, त्यामागे अमेरिकेचा दबाव होता. सरकारी अनुदानावर पिकलेला स्वस्त अमेरिकन तांदूळ आला आणि तेथील भातशेतीचे कंबरडे मोडले. हे धोरण चुकले, आपल्या आर्कान्सा राज्यातील काही शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला असेल पण हैतीची किंमत देऊन, अशी कबुली खुद्द बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. हैतीच्या अनाथालयांतील बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. घरी पोट भरत नाही म्हणून मुले तेथे येतात. अशा मुलाला मांडीवर घेऊन फोटो काढणाऱ्याने एवढे तरी विचारावे, की याच्या आईबापांची शेती का बुडाली? उत्तर शोधता शोधता तो कदाचित स्वतःच्याच गावातील मतपेटीपाशी पोहोचेल.

इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की मदत करायला येथे येऊ नका. मी तेवढ्या टोकाला जाणार नाही. कारण माझ्या आजीची आजी १९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील एका मिशनच्या अन्नावर जगली. त्या वर्षी अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाने जमवलेल्या वर्गणीतून मका भरलेले 'क्विटो' हे जहाज मुंबईला आले होते. तेव्हा परदेशी नियतकालिकांत छापले जाणारे हाडांचे सापळे आपल्याच माणसांचे होते. ज्यांची घरे अशा दयेवर तगली, त्यांनी दयेला हसू नये.

पण त्याच १९०० साली रमेशचंद्र दत्त हे लॉर्ड कर्झनला उघड पत्रे लिहीत होते. पाऊस पडला नाही हे खरे. परंतु जमीन-महसुलाच्या बोज्यामुळे शेतकऱ्याच्या गाठी एका वाईट वर्षापुरतेही काही उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मक्याने माणसे जगली. ती पुढच्या दुष्काळात पुन्हा का मरतील, हे दत्तांनी सांगितले. दोन्ही हवे होते. पहिल्याला सहानुभूती पुरते. दुसऱ्याला अभ्यास लागतो आणि सत्तेचा रोष ओढवून घेण्याची तयारी लागते.

मित्रहो, हा प्रश्न हैतीपुरता नाही. आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस एखाद्या खेड्यात जाते. आपण शोषखड्डे खणतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो आणि समारोपाला 'खूप शिकायला मिळाले' असे सांगतो. काय शिकलो? गावचे पाणी कोणाच्या शेतात जाते, रोजगार हमीची मजुरी किती दिवसांनी हाती पडते, शाळा सोडलेल्या मुली कोणत्या वस्तीतल्या, हे न विचारताच परतलो, तर त्या अमेरिकन मुलामुलींत आणि आपल्यात अंतर विमानाच्या तिकिटाएवढेच. पुढच्या शिबिराच्या अहवालात फोटोंबरोबर या प्रश्नांची उत्तरेही छापली जावीत, एवढीच माझी सूचना आहे.