मौनाचे खापर संस्कारांवर का?

ऑनलाईन वर्गात भारतीय विद्यार्थी तोंड का उघडत नाही, यावर आपल्याकडील पुरोगामी शिक्षणपंडितांचे उत्तर ठरलेले असते : गुरूला देव मानणाऱ्या संस्कृतीने त्याला मुके केले! आधाराला डच अभ्यासक हॉफस्टेड यांचा 'सत्तेच्या अंतरा'चा निर्देशांक. त्यात भारताला ७७ गुण. म्हणजे वरिष्ठांपुढे निमूट राहणारा समाज. हे मोजमाप मुळात आयबीएम या अमेरिकी कंपनीच्या नोकरदारांना १९६७ ते १९७३ या काळात विचारलेल्या प्रश्नांवर उभे आहे, हे मात्र सांगितले जात नाही. कचेरीतला साहेब आणि वर्गातले गुरुजी यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांना गुरुशिष्यनाते काय उमगणार?

ज्या परंपरेत एका उपनिषदाचे नावच 'प्रश्न' आहे, ती प्रश्नांना भिते काय? सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. ऋषींनी त्यांना आधी वर्षभर आश्रमात राहण्यास सांगितले. मग हवे ते विचारण्याची मोकळीक दिली. सहवासातून धीर येतो, धीरातून प्रश्न. नेमका हा सहवासच पडद्यावर नसतो. तेथे कॅमेरा सुरू आहे का, चॅटमध्ये किती जण लिहितात, यावर सहभाग मोजला जातो.

मात्र आपल्या घरातही डोकावले पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा दोन खोल्यांच्या कित्येक घरांत एकच मोबाईल होता. तो आधी मुलाच्या हाती गेला. मुलीला तास सुरू असतानाच भांड्यांकडे पिटाळले गेले. ती गप्प राहिली, यात गुरुभक्तीचा काय दोष? या भेदाला कोणी संस्कार म्हणत असेल, तर ती संस्कृती नव्हे, विकृती आहे. मातृशक्तीवर बौद्धिके देणाऱ्यांच्या घरांनाही हे लागू आहे.

त्याच काळात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिवर्धकातून 'बोलकी शाळा' भरली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. शाळा वस्तीत आली, ती अशी.

हा विषय कोरोनाबरोबर संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात. महाविद्यालयांनी अशा प्रत्येक अभ्यासक्रमाला आठवड्यातून एक प्रत्यक्ष बैठक जोडावी. कार्यकर्त्यांनी आपल्या अभ्यासिकांची दारे सायंकाळी या मुलामुलींना उघडून द्यावीत. आणि निघण्यापूर्वी आपल्या घरातला मोबाईल कोणाच्या हाती आहे, तेही पाहावे.